ऊन सर्वांचे, जमीन कोणाची?

२२ जानेवारी २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या विखरण गावचे धर्मा पाटील मंत्रालयात आले आणि तिथेच त्यांनी विष घेतले. वय ऐंशीच्या पुढे. सहा दिवसांनी जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. शिंदखेडा तालुक्यातली त्यांची पाच एकर जमीन, वर आंब्याची झाडे, सरकारने वीज प्रकल्पासाठी घेतली होती. हाती आले चार लाखांच्या आसपास. आजूबाजूच्या काही जमिनींना त्याच्या कितीतरी पट मोबदला मिळाल्याचे त्यांना दिसत होते. त्यांनी अर्ज केले, हेलपाटे घातले, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. मृत्यूनंतर मात्र फेरमूल्यांकन झाले आणि व्याजासह आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेला. म्हणजे मागणी खरी होती, ती तपासायला यंत्रणेला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा जीव जावा लागला.

विखरण-मेथी परिसरातली ती जमीन आधी औष्णिक वीज केंद्रासाठी घेतली जात होती. पुढे तिथे सौर प्रकल्प करायचे ठरले. कागदावर कोळशाच्या जागी सूर्य आला. पर्यावरणाच्या दृष्टीने बदल चांगलाच होता. पण ज्यांच्या हातून सातबारा गेला, त्यांच्यासाठी भूसंपादन तेच, मोबदल्याचा घोळ तोच आणि कचेरीच्या पायऱ्याही त्याच.

सौर आणि पवनऊर्जेला विरोध करण्याचे कारण कोणत्याही शहाण्या माणसाकडे उरलेले नाही. अवकाळी पाऊस, गारपीट, लांबणारे उन्हाळे यांचा मार सर्वात आधी कोरडवाहू शेतकऱ्याला आणि उन्हात राबणाऱ्या मजुराला बसतो. कोळसा कमी व्हायलाच हवा. प्रश्न आहे तो या बदलाची किंमत कोण मोजणार आणि लाभ कोणाच्या पदरात पडणार, याचा. महाराष्ट्रात आज हा हिशोब मेगावॉटमध्ये मांडला जातो. माणसांचा रकाना त्यात जवळजवळ कोराच आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचेच उदाहरण घ्या. योजनेमागचा विचार मनापासून दाद द्यावी असा आहे. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याला लाईट मिळाली ती रात्रीची. गहू-हरभऱ्याला पाणी भरायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर जायचे, पायाखाली साप आहे की काय याची धास्ती घ्यायची, जुन्नर-शिरूरकडे बिबट्याची. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारून कृषी फीडर त्याच्यावर चालवला, तर हीच लाईट दिवसा मिळते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला आणि उद्दिष्ट वाढत वाढत १६ हजार मेगावॉटपर्यंत गेले. शेतकऱ्याने जमीन द्यायची ती भाड्याने. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार. कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर एकरामागे एवढी खात्रीची रक्कम वर्षाकाठी क्वचितच सुटते, आणि जमिनीची मालकीही जात नाही. विखरणपेक्षा ही पद्धत कितीतरी बरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. १६ हजार मेगावॉटला किती, हे गणित शाळकरी मुलगाही करील: ६४ ते ८० हजार एकर. एवढी सगळी जमीन भाडे घेणाऱ्या खातेदारांकडून येणार नाही. मग नजर वळते ती गायरानाकडे. सरकारी मालकीची सलग जमीन, भूसंपादनाची कटकट नाही, कागदपत्रे लवकर होतात. अधिकाऱ्याच्या टेबलावर यापेक्षा सोयीची जागा दुसरी नाही.

गावात उभे राहून पाहिले की तेच गायरान वेगळे दिसते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्या दोन शेळ्या आणि एक गाय तिथे चरते. धनगराचे कळप हंगामात तिथे बसतात. पावसाळ्यात बायका तिथून रानभाज्या आणतात. सरपण, शेण, दगड, मुरूम सगळे तिथलेच. आणि मराठवाडा-विदर्भातल्या शेकडो गावांत तिथे भूमिहीन दलित, पारधी, भटक्या कुटुंबांनी तीन-तीन पिढ्या ज्वारी-बाजरी पिकवली आहे. ती काही चोरी नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली, ती याच जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णयही पुढे १९९१ मध्ये निघाला. तरी आजही असंख्य कुटुंबांकडे सातबारा नाही. दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुने पीकपाहणीचे उतारे एवढेच त्यांच्या ट्रंकेत जपून ठेवलेले असते.

अशा ठिकाणी काटेरी तारेचे कुंपण पडले की भाड्याचा प्रश्नच येत नाही, कारण भाडे मालकाला मिळते आणि मालक सरकार आहे. ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षे अनुदान मिळते. त्यातून गावात पेव्हर ब्लॉक बसतील, कमान उभी राहील. शेळ्या विकाव्या लागलेल्या बाईच्या हातात त्यातले काय येईल? खासगी जमिनीचीही दुसरी बाजू आहे. मालक भाड्यावर खूश असतो, पण तीच जमीन बटाईने कसणारा आणि तिथे निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या आठ-दहा बाया यांचे नाव कोणत्याच करारात नसते. पॅनेल पुसायला आणि गवत कापायला माणसे लागतात, पण मोजकी.

यातली सर्वात खटकणारी गोष्ट ही की, हे सगळे विचारायची जागाच ठेवलेली नाही. औष्णिक केंद्र उभारायचे तर पर्यावरण मंजुरी लागते, जनसुनावणी होते. ती कितीही उपचारापुरती असली, तरी तिथे माणूस उभा राहून माईकवर बोलू शकतो आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात येते. सौर प्रकल्पाला अशी मंजुरी लागत नाही, म्हणून सुनावणीही नाही. धूर नाही, राख नाही, मग विचारायचे कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद. पण जमिनीवरून माणूस उठवायला धूर लागत नाही. काही गावांनी गायरान देणार नाही असे ठराव केले, ते या कोंडीतूनच. त्यांना विकासविरोधी ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे.

महाराष्ट्राने हे शंभर वर्षांपूर्वी पाहिलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांना धुराची वीज नको, पाण्याची स्वच्छ वीज हवी, म्हणून टाटा कंपनीने सह्याद्रीत धरणे बांधली. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, पाठोपाठ भिवपुरी आणि भिरा. त्या काळातली ती हरित ऊर्जाच होती. मुळशी खोऱ्यात मात्र पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, पुढे सेनापती बापटांनी नेतृत्व केले, १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी धरण झाले. कोयनेची गोष्टही फार वेगळी नाही. १९६० मेगावॉट वीज देणाऱ्या त्या प्रकल्पाने महाराष्ट्राचे कारखाने चालवले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो कायदा १९७६ चा आणि कोयना धरण त्याच्या आधीच उभे राहिलेले. आज कोयनेच्या धरणग्रस्तांची नातवंडे जमिनीच्या पट्ट्यासाठी मोर्चे काढतात.

आता त्याच सह्याद्रीत उदंचन जलविद्युत प्रकल्पांची रांग लागली आहे. दिवसा जादा झालेल्या सौर विजेने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची, हे तंत्र सौरऊर्जेला आवश्यकच आहे. २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवटा येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी करार झाला. भिवपुरी हे नाव शंभर वर्षांनी पुन्हा आले आहे. या वेळी डोंगरातल्या कातकरी, ठाकर, धनगर वाड्यांना कंत्राटदाराचे डंपर येण्याआधी कोणी भेटले का, हा प्रश्न प्रत्येक अशा प्रकल्पाबाबत विचारायला हवा.

हे झाले नव्या विजेचे. जुनी वीज जाते तेव्हा काय होते, ते पाहायला चंद्रपूरला जावे लागेल.

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गेले. भिंतीला तडा गेला असे नव्हे. जमीन हादरली, घरातली माणसे बाहेर पळाली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत छपरासकट अख्खे घर खाली गेले, साठ-सत्तर फूट. वर उरला एक गोल खड्डा. आजूबाजूच्या दीडशेच्या आसपास कुटुंबांना रातोरात हलवावे लागले. वस्तीखाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. कोळसा कधीच काढून झाला, नफा वाटून झाला, मालक बदलले, आणि पोकळी मात्र तिथेच राहिली. खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने आणली २००९ मध्ये. त्याआधी बंद झालेल्या खाणींवर वसलेल्या माणसांनी कोणाकडे जायचे?

चंद्रपूरने राज्याला प्रकाश दिला त्याची किंमत अशी मोजली आहे. इथले औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर देशात चौथे होते, ८३.८८ गुणांवर. उन्हाळ्यात सकाळी अंगणात झाडू फिरवला तर केरात काळी पूड निघते, वाळत घातलेले कपडे झटकून घरात घ्यावे लागतात. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राखेच्या बंधाऱ्यांखालच्या शेतकऱ्यांची वेगळी कथा. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा गाळ नाल्यांत, शेतांत पसरला.

इतके सोसूनही या भागाची रोजीरोटी कोळशावरच आहे, आणि खरी अडचण इथे आहे. औष्णिक केंद्रात कायम नोकरीत असलेल्याला संच बंद झाला तर दुसरीकडे बदली मिळते. पण कोळसा हाताळणी, राख उपसा, बॉयलरची साफसफाई, कॅन्टीन ही कामे कंत्राटी कामगार करतात. कंत्राटदार दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, कामगार तोच राहतो, आणि वीस वर्षे काम करूनही कागदावर तो नवाच असतो. त्याच्या पलीकडे ट्रकचालक, टायरवाले, गेटसमोरचा चहा-पोहेवाला, राखेच्या विटा पाडणारे, खाणीतून सांडलेला कोळसा सायकलवर लादून विकणारे. यांची तर कोणत्याच दप्तरात नोंद नाही. कोराडी, परळी, भुसावळ, चंद्रपूर इथले जुने संच गेल्या काही वर्षांत एकेक करून कायमचे बंद झाले. बातम्या आल्या त्या इतके मेगावॉट कमी झाले अशा. किती माणसांचे काम गेले आणि ती माणसे पुढे कुठे गेली, हे सांगणारी एक ओळ सापडत नाही.

२०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे आणि भारताची त्यावर सही आहे. जर्मनीने रूरमधली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली. तोवर खाणकामगारांना सक्तीने घरी पाठवायचे नाही, हे धोरण तिथे कामगार संघटना, कंपनी आणि सरकार यांनी वर्षानुवर्षे पाळले. दक्षिण आफ्रिकेत कोमाटीचे औष्णिक केंद्र २०२२ मध्ये बंद झाले. परदेशी मदतीचे आकडे मोठे होते, पण गावाची तयारी अपुरी होती, असे तिथल्याच राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगाने नोंदवले. फरक पैशाइतकाच पूर्वतयारीचा आहे.

आणि पैसा नव्हता असेही नाही. भारताने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला, तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांच्या भरपाईच्या खात्यात वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये भरपाई उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. या सगळ्या वर्षांत टनाटनामागे गोळा झालेला पैसा कोळसा जिल्ह्यांतल्या माणसांना नवे काम मिळावे म्हणून बाजूला ठेवला असता, तर आज चंद्रपूर, वणी, उमरेडकडे सांगण्यासारखे काही असते. जिल्हा खनिज प्रतिष्ठाने २०१५ पासून आहेत. त्यांचा निधी पिण्याचे पाणी, आरोग्य आणि नव्या रोजगारावर जायला हवा. तो कुठे आणि कशावर जातो, यावर गावकऱ्यांचा धाक असलाच पाहिजे.

कोळसा काही उद्या बंद होत नाही. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन शंभर कोटी टनांच्या पुढे गेले, निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य २०७० चे आहे. मग घाई कशाला, असे म्हणणारे अनेक आहेत. मुंबईच्या गिरणगावाने याचे उत्तर दिलेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरणधंदा बदलणार हे तेव्हाही अनेकांना दिसत होते, यंत्रे जुनी झाली होती, मालकांचा जीव जमिनीत अडकला होता. कामगारांचे पुढे काय, याची योजना मात्र कोणी केली नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतला एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी ठेवला. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त रिकाम्या भूखंडापुरती राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. जमिनीवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. दीड लाखाहून अधिक कामगार आणि त्यांचे वारस घरासाठी अर्ज घेऊन रांगेत राहिले, त्यातले कितीतरी रांगेतच गेले. न्याय नंतर करू म्हटले की त्याचे काय होते, याचा याहून ठळक दाखला मराठी माणसाला दुसरा नको.

उलट उदाहरणही याच राज्यात आहे. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरड्यावर वाकून कागद, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या वेचणाऱ्या, बहुतेक दलित समाजातल्या बायांची ही संघटना. त्यांनी आधी स्वतःला कामगार म्हणवून घेतले. महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली, आरोग्य विमा मिळवला. पुढे घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम शहराला आधुनिक पद्धतीने करायचे होते, तेव्हा ते मोठ्या कंत्राटदाराला जाण्याऐवजी २००८ मध्ये कष्टकऱ्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेला मिळाले. आज साडेतीन हजारांच्या आसपास कष्टकरी दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा करतात. सुक्यातले भंगार विकून येणारा पैसा त्यांचाच. हे काम सुखाचे नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हातात येतात म्हणून ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढे सांगायला त्यांना शहरभर मोहीम चालवावी लागली. २०२०-२१ मध्ये कराराची मुदत संपली तेव्हा संस्थेचे भवितव्य टांगणीला लागले होते. तरीही व्यवस्था टिकली, कारण बदल होण्याच्या आधी या बाया संघटित होत्या आणि कराराच्या टेबलावर त्यांची खुर्ची होती.

हेच ऊर्जेच्या बाबतीत करता येईल, आणि त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. गायरानावरचा कोणताही सौर प्रकल्प ग्रामसभेच्या ठरावाशिवाय आणि तिथे कसणाऱ्या, चारणाऱ्या कुटुंबांची यादी केल्याशिवाय मंजूर होऊ नये. १९९० पूर्वीची अतिक्रमणे आधी नियमित करावीत आणि त्या जमिनीचे भाडे कसणाऱ्याच्या खात्यात जावे. पॅनेल थोडी उंच बसवली तर खाली चारा आणि भाजीपाला निघतो, मेंढ्या चरतात. हा खर्च प्रकल्पाच्या किमतीत धरावा. छतावरच्या सौर पॅनेलला अनुदान आहे, पण त्यासाठी स्वतःचे छत लागते. चाळीतल्या, भाड्याच्या खोलीतल्या कुटुंबांना सामुदायिक प्रकल्पात वाटा मिळावा. आणि औष्णिक केंद्रांच्या प्रत्येक संचाची बंद होण्याची अपेक्षित तारीख आजच जाहीर करून, त्याच्या गेटमधून आत जाणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराची नोंद राज्याच्या महानिर्मिती कंपनीने स्वतः ठेवावी, कंत्राटदाराच्या भरवशावर नाही. त्या जिल्ह्यात येणाऱ्या सौर, बॅटरी आणि पारेषणाच्या कामात पहिली संधी या नोंदीतल्या माणसांना द्यावी.

यातली शेवटची मागणी सर्वात स्वस्त आहे. गेटवर पास रोज तपासला जातो, हजेरी रोज लागते, म्हणजे नावे आजही उपलब्ध आहेत. ती एका नोंदवहीत आणायला ना केंद्राची परवानगी लागते ना परदेशी निधी. चंद्रपूर, कोराडी आणि परळीतल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात निदान एवढा एक प्रश्न विचारावा, आणि वाचकांनी आपापल्या आमदाराला तो विचारायला लावावा.